तुम्हाला चालणार नाही ती

आमच्या शाळेत इतिहास शिकवणारे सर पाचवीतल्या पोरांनाही अहो-जाहो करायचे. "अहो, आपण जरा उभे राहता का?" असं त्यांनी म्हटलं की वर्गातली नवी पोरं मागे वळून पाहायची, दारात कोणाचा बाप येऊन उभा राहिलाय की काय म्हणून. आणि आमच्या भागातली गंमत अशी, की घरच्या बोलीत मोठ्या माणसालाही सगळे 'तू'च म्हणतात. त्यामुळे पन्नाशीकडे झुकलेला हा माणूस विचारायचा, "काल आपण शाळेत का आला नाहीत?" आणि पोरगं बिनधास्त सांगायचं, "सर, तुला बोललो ना, बैल हरवला होता." मी एकदा एका पोराला टोकलं, सरांना तू म्हणू नये म्हणून, तर सर माझ्यावरच उखडले. म्हणाले, बाई, ही मुलं मला बरोबरीचं समजतात, ते तुम्ही कशाला बिघडवता?

शाळा खोडाळ्याच्या बाजूच्या एका गावातली. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला त्याच गावात राहायचं आहे. मी मूळची जव्हारची, लग्न होऊन इथे आले आणि इथल्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले. नवरा ठाण्याला नोकरीला, शनिवारी यायचा. घरात मी आणि सासरे. सासरे मोखाड्याला पंचायत समितीत कारकून होते, निवृत्त होऊन भात-नागलीच्या शेतीकडे पाहायचे आणि उरलेला वेळ ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचे दोष काढायचे. त्यांच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

सर आमच्याकडे आले ते पोशेऱ्याच्या बाजूच्या शाळेतून बदली होऊन. ते यायच्या आधीच जीपवाल्यांनी त्यांची कीर्ती आणून पोहोचवली होती. माणूस भांडतो, एवढीच ती कीर्ती. आणि ते खरंच होतं. एसटीत कंडक्टर एखाद्या म्हातारीला "ए, सरक पुढे" म्हणाला की सर उठून उभे राहायचे आणि त्याने "आजी, जरा पुढे सरका" म्हणेपर्यंत दारातून हलायचे नाहीत. मागची माणसं ओरडत असायची, म्हातारी स्वतः म्हणत असायची की जाऊ दे रे बाबा, पण सर तसेच.

ते काही साधुपुरुष नव्हते, हेही सांगून टाकते. बुटके, जाड, आवाज मोठा. कोळशाची इस्त्री केल्याशिवाय सदरा अंगावर चढत नसे. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं त्यांना माहीत नव्हतं. कॅरममध्ये हरले की दोन दिवस बोलायचे नाहीत. माझी छत्री त्यांनी पहिल्याच पावसाळ्यात नेली, ती मला परत मिळाली नाही. भूक अजिबात सहन व्हायची नाही आणि स्वयंपाक अजिबात यायचा नाही, त्यामुळे मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या डब्यांवरून डोळे फिरवत बसायचे, ते पाहून आपणच म्हणायचं, सर, घ्या थोडं.

गावाला त्यांच्याबद्दल एकच गोष्ट कळत नव्हती, ती म्हणजे त्यांची जात. आडनावावरून काही लागत नव्हतं, बोलण्यावरून देशावरचे वाटायचे, बस्स. विचारलं तर ते जात सांगायचे, पण प्रत्येकाला वेगळी. आधी विचारणाऱ्याकडे नीट पाहायचे, याला कोणती ऐकून अडचण होईल याचा अंदाज घ्यायचे आणि तीच सांगायचे. बँकेतल्या साहेबाला एक सांगितली, ग्रामसेवकाला दुसरी, मुख्याध्यापकांना तिसरी. मग हे तिघे एकदा एकत्र चहाला बसले आणि सरांच्या जातीवरून त्यांचं आपसात वाजलं. मला त्यांनी काय सांगितलं म्हणाल, तर मी कधी विचारलंच नाही, त्यामुळे मला आजही ठाऊक नाही.

इतिहासाच्या पुस्तकात स्वातंत्र्यलढ्याच्या काळातल्या अस्पृश्यतेविरुद्धच्या चळवळीवर एक धडा होता. विहिरी, देवळं, सहभोजनं, असा तो धडा. आमच्याकडे बाकीचे शिक्षक तो एका तासात संपवायचे. सर पंधरा दिवस लावायचे. ते सांगायचे की या धड्यात दोन वेगळ्या चळवळी आहेत आणि परीक्षेत मुलं एकीचंच उत्तर लिहितात. एका चळवळीत वरची माणसं खाली उतरून गेली, दूर ठेवलेल्यांच्या वस्तीत राहिली, झाडू हातात घेतला, त्यांच्या पंगतीला बसली. दुसरीत ज्यांना दूर ठेवलं होतं ती माणसं स्वतः चालत आली आणि म्हणाली, हे पाणी आमचंही आहे. सर म्हणायचे, पहिली सोपी नव्हती, पण दुसरी फार कठीण होती, कारण पहिलीत मन मोठं असलं की भागतं, दुसरीत समोरच्याला जागा सोडावी लागते. आणि दया हा शब्द माझ्या वर्गात कोणी आणायचा नाही, असा त्यांचा दंडक होता.

आता आमच्या गावात अस्पृश्य हा शब्द कोणी वापरत नाही. तो पुस्तकातला. आमच्याकडे शब्द आहे तो 'चालत नाही'. ओढ्यापलीकडे कातकऱ्यांचा लहानसा पाडा आहे. दिवाळी झाली की सगळा पाडा वीटभट्टीवर जातो, पावसाच्या तोंडावर परत येतो. 'त्यांच्याकडचं चालत नाही', एवढं म्हटलं की आमच्याकडे विषय संपतो. त्यांचं पाणी चालत नाही, त्यांना ओट्यावर घेतलेलं चालत नाही. का, ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. आणि सांगणारे आम्ही कोण, तर मोखाड्याच्या कचेरीत ज्यांना साहेबलोक खुर्ची देत नाहीत ते.

सरांनी ठरवलं की धडा वाचून झाला की त्याचं प्रात्यक्षिक घ्यायचं. माझ्याकडे येऊन म्हणाले, बाई, तुमच्या विज्ञानाला असतं तर माझ्या इतिहासाला का नको? मग दरवर्षी पावसाळा ओसरायला लागला की ते नववीचा वर्ग घेऊन ओढा ओलांडायचे, पाड्यावर जाऊन बसायचे, आणि प्रत्येकाने तिथलं पाणी प्यायचं. काही मुलं प्यायची, काही तांब्या ओठांपाशी नेऊन खाली ठेवायची, एकदोन जणांना त्या दिवशी हमखास ताप यायचा. घरून तक्रारी आल्या. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून हे अभ्यासक्रमात आहे का असं विचारलं. सर म्हणाले, धडा आहे ना? मग मुख्याध्यापक गप्प बसले, कारण धडा होता.

असं तीन-चार वर्षं चाललं. एका वर्षी मीही बरोबर गेले. पाड्यावर बारकीबाई म्हणून एक म्हातारी होती. भट्टीवर जाणाऱ्या टोळीचं सगळं तिच्या शब्दावर चालायचं, मुकादमसुद्धा तिच्याशी जपून बोलायचा. उंच, काटकुळी, आवाजात जरब. त्या दिवशी पोरांचं पाणी पिऊन झालं, सर नेहमीप्रमाणे खूश झाले, आता निघू या म्हणून उठले. बारकीबाई दारातच बसली होती. तिने विचारलं,

"सर, तू दरवरसाला पोरां घेऊन येतस, आमचं पानी पितस. बरां हय. पन आमी पानी प्याया कुठं यावं?"

ती काही रागावून बोलली नव्हती. साधं विचारलं होतं. पण मी सरांकडे पाहिलं तर त्यांचं तोंड उघडं राहिलेलं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात समोरच्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, त्याच्याकडे एक शब्द नव्हता. वर्गात दोन चळवळी समजावून सांगणारा हा माणूस दरवर्षी प्रात्यक्षिक मात्र पहिलीचंच घेत होता, आणि हे त्याच्या तिथे उभ्या उभ्या लक्षात आलं होतं. ओढा ओलांडून परत येताना ते पोरांच्या पुढे, एकटेच, खाली मान घालून चालत होते. शाळेपाशी आल्यावर मला म्हणाले, "बाई, मी गाढव आहे."

दुसऱ्या दिवशी ते पाड्यावर जाऊन सगळ्यांना जेवायचं आमंत्रण देऊन आले. दिवाळीआधीचा रविवार, दुपारी, माझ्या खोलीवर या, म्हणाले.

सरांची खोली होती दामूअण्णांच्या दुकानामागे. दामूअण्णांचं गावातलं मोठं किराणा दुकान, माणूस बोलायला गोड. त्यांना आमंत्रणाची बातमी कळायला काय वेळ लागणार? मी मीठ आणायला गेले होते तेव्हा दुकानात दोघांचं बोलणं चाललं होतं. अण्णा समजावत होते की सर, तुम्ही शिकलेले, तुमचं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, पण माझं दुकान आहे, गिऱ्हाईक काय म्हणेल, तुम्ही शाळेत करा, ओढ्यावर करा, इथे नको. सर म्हणाले, भाडं मी देतो, जेवायला कोणाला बोलवायचं ते मी ठरवीन. मग अण्णांनी मनातलं विचारलं.

"सर, राग मानू नका. तुमची स्वतःची जात कोणती?"

मला वाटलं, आता आणखी एक नवी जात ऐकायला मिळणार. पण सर म्हणाले, "तुम्हाला चालणार नाही ती."

अण्णा हसले. म्हणाले, म्हणजे कोणती?

"कोणतीही धरा. ज्याच्याकडचं आपल्याला चालत नाही असं तुम्ही मनात धरून बसला आहात ना, तो मी."

अण्णांचं हसू गेलं. संध्याकाळी सरांची ट्रंक, इस्त्री आणि पुस्तकं दुकानाच्या बाजूला ओट्यावर आली होती.

त्यानंतर सर गावभर खोली शोधत फिरले. कोणी नाही म्हटलं नाही. पाहुणे येणार आहेत, कौलं गळतात, मुलाचं लग्न काढलंय, असं प्रत्येकाने काहीतरी सांगितलं. दोन दिवस ते शाळेच्या खोलीत झोपले, मग मुख्याध्यापकांनी हात जोडले. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते मला म्हणाले की मी पाड्यावरच राहायला जातो, विषय संपला. चेहरा असा उजळलेला, की जणू फार मोठं काहीतरी सुचलंय. मला ते काही बरं वाटेना, पण त्यांना थांबवणार कोण? मी बरोबर गेले.

बारकीबाईने सगळं ऐकून घेतलं. मग नाही म्हणाली. एक खोपटं रिकामं होतं, तरी नाही म्हणाली. सरांनी कारण विचारलं.

"तू हितं आलास का गावाला बरांच हय. तुला पन आमच्यात घालतील न मोकले होतील. तू तितंच राहा. भांडून राहा. आन आमाला बोलवलं हय, तितंच बोलव."

तिने त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. वाटेत सर इतके चिडले होते की ओढ्यातल्या दगडावरून घसरून गुडघाभर पाण्यात पडले आणि तिथेच उभे राहून म्हणाले, बरोबर बोलतेय ती, पण मी जाऊ कुठे?

आता माझे सासरे. त्यांच्याइतका 'चालत नाही' म्हणणारा माणूस गावात दुसरा नव्हता. पण त्यांचं आणि दामूअण्णांचं वर्षानुवर्षांचं वैर होतं. आमच्याकडे बोहाडा होतो, म्हणजे देवादिकांची लाकडी सोंगं घालून नाचायचा उत्सव, आणि कोणतं सोंग कोणत्या घराचं हे ठरलेलं असतं. कोणाचं सोंग आधी निघायचं यावरून दोन्ही घरांत कधीतरी बिनसलं होतं, तेव्हापासून दोघे एकमेकांच्या सावलीला उभे राहत नव्हते. आमचं घर नेमकं त्यांच्या दुकानासमोर, त्यामुळे रोजच्या रोज त्यांना एकमेकांकडे न पाहण्याचे कष्ट घ्यावे लागत.

मी घरी येऊन झालेलं सांगितलं, तर सासऱ्यांनी बाकीचं काही ऐकलंच नाही. दाम्याने हाकललं का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ते उठले, चप्पल घातली, दुकानापासून हाकेवरच्या शाळेच्या पायरीवर भिजल्या पँटमध्ये बसलेल्या सरांपाशी गेले आणि आमची कोपऱ्यातली खोली तुमची म्हणाले. दुकानात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. मागोमाग जाऊन मी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की हे फक्त अण्णांना खिजवायला चाललंय, यांना तुमच्या विचारांशी काही देणंघेणं नाही. सर म्हणाले, नसू दे. खोलीला दार आहे ना? आणि जेवणाचा बेत तसाच आहे, हे त्यांनी सासऱ्यांना तिथल्या तिथे सांगितलं. सासऱ्यांचा चेहरा जरा उतरला, पण समोर अण्णा दारात उभे होते. "या म्हणावं," सासरे म्हणाले.

मग रविवारपर्यंत घरात त्यांची नुसती तगमग. अंगणात जेवतील ना, आत येणार नाहीत ना, असं मला दहा वेळा विचारून झालं. सर म्हणाले होते, ओट्यावर बसतील. सासऱ्यांनी त्या दिवशी मोखाड्याला काम आहे असं काढलं. मग रविवारी कचेरी बंद असते हे त्यांच्याच लक्षात आलं.

रविवार उजाडला. डाळ आणि नागलीच्या भाकऱ्या मी केल्या. भात मात्र मीच करणार, यजमान मी आहे, असा सरांचा हट्ट. परसात चूल मांडून मोठ्या पातेल्यापुढे ते सकाळपासून धुरात खोकत बसले होते. दुपारी पाड्यावरची माणसं आली. पुढे बारकीबाई, मागे बायामाणसं, पोरं, शेवटी पुरुष. सगळ्यांनी धुतलेले कपडे घातले होते. आमच्या आळीत एकदम शांतता झाली. प्रत्येक दारात कोणी ना कोणी उभं. दामूअण्णा दुकानाच्या फळीला टेकून.

आलेल्याला पाणी द्यायचं, एवढं तर घराचा मालक विसरत नाही. सासरे तांब्या घेऊन ओट्याच्या कडेला आले. मी दाराआड होते, मला सगळं दिसत होतं. कातकऱ्याला पाणी द्यायची आमच्याकडची रीत म्हणजे त्याने खाली वाकून ओंजळ धरायची आणि आपण वरून धार सोडायची. तांब्या हातात द्यायचा नाही. सासऱ्यांनी सवयीने तांब्या वर उचलला, तिरका केला.

बारकीबाई वाकली नाही. तिने ओंजळ धरली नाही. ती सरळ उभी राहिली आणि तिने एक हात पुढे केला, आपण एखाद्याकडून वस्तू घेताना करतो तसा.

तांब्या तसाच वर. त्याच्या तोंडाशी पाणी आलेलं, एक-दोन थेंब ओट्यावर पडले. मी सासऱ्यांच्या मानेवरची शीर पाहत होते. त्यांनी एकदा समोर दुकानाकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्या हाताकडे पाहिलं. तो हात काही मागे जात नव्हता. मग त्यांनी तांब्या सरळ केला आणि तिच्या हातात दिला.

ती तोंड लावून प्यायली. घाई केली नाही. मागच्या बाईला दिला, तिने तिच्या मागच्या पोराला. तांब्या फिरत फिरत रिकामा झाला आणि बारकीबाईने तो सासऱ्यांच्या हातात परत ठेवला. ते तो घेऊन आत आले. माझ्याकडे न बघता माजघरात गेले. मला वाटलं, झालं, आता हे बाहेर येत नाहीत. ते आले. एका हातात तो तांब्या भरलेला, दुसऱ्या हातात पूजेच्या कोनाड्यातला पितळेचा.

मी त्यांना नंतर विचारलं की अण्णा बघत होते म्हणून दिलात का. त्यांनी पितळेचा तांब्या परत कोनाड्यात ठेवला. मग म्हणाले, "पहिल्यांदा दाम्यासाठीच निघालो होतो. पण त्या बाईने हात पुढे केला. मग काय करणार होतो?"

गाव काही एका दुपारीत बदललं नाही. दामूअण्णांनी शेवटपर्यंत सरांना उधार दिलं नाही आणि आमच्या घरी काही जण वर्षभर जेवायला आले नाहीत. पण बाजारातून परतताना पाड्यावरच्या बाया आमच्या ओट्यावर टेकायला लागल्या. हळूहळू आणखी दोन-चार ओट्यांवर टेकायला लागल्या. त्यांना कोणी ऊठ म्हणालं नाही. आता तर कोणाच्या ओट्यावर कोण बसलंय याकडे नवी पोरं पाहतही नाहीत.

आणि सर? सरांनी ते पाहिलंच नाही. तांब्या हातातून हातात गेला तेव्हा ते परसात होते. भात खाली लागला होता आणि ते पातेल्यात पाणी ओतत एकटेच स्वतःला शिव्या देत होते. ते पुढे आले तेव्हा माणसं पंगतीला बसलेली. सगळे एवढे गप्प का म्हणून त्यांनी मला विचारलं. मग बारकीबाईने त्यांच्या हातातला डाव काढून घेतला आणि वाढायला सुरुवात केली, कारण त्यांना तेही नीट येत नव्हतं.

सर निवृत्त होऊन देशावर गेले त्याला बरीच वर्षं झाली. सासरे गेले, बारकीबाईही गेली. सरांचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. तब्येत, शाळा, पाऊसपाणी झालं की ते म्हणतात, बाई, ते सांगा. मी सांगते. तांब्या वर उचलला, ती वाकली नाही, हात पुढे केला. एरवी कोणाचं वाक्य पुरं होऊ न देणारा हा माणूस तिकडे श्वाससुद्धा जपून घेत असतो. मी काही गाळलं तर मात्र लगेच टोकतात, ते थेंब ओट्यावर पडले ते राहिलं म्हणून. शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि दर वेळी विचारतात,

"आणि मी कुठे होतो?"

"परसात, सर. भात करत होतात."

मग तिकडून बराच वेळ हसू ऐकू येत राहतं.